सुईणआजीच्या सहा गाठी

कामरगावात एक सुईण राहत होती. कारंजा तालुका अकोला जिल्ह्यात होता, वाशीम जिल्हा अजून व्हायचा होता, तेव्हापासून ती गावातली बाळंतपणं करत आली होती. ही विद्या तिला तिच्या सासूने दिली होती आणि सासूला तिच्या सासूने. तिचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. लहानथोर सगळे तिला सुईणआजी म्हणत.

रात्री-अपरात्री दाराची कडी वाजली की ती उठायची आणि खुंटीवरची कापडी पिशवी काढून घ्यायची. पिशवीत उकळून वाळवलेला दोरा, कोरं पातं, साबणाची वडी आणि धुतलेल्या लुगड्याचे तुकडे असत. दायांच्या सरकारी प्रशिक्षणात तिने पाच स्वच्छता शिकून घेतल्या होत्या: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पातं स्वच्छ, दोरा स्वच्छ, नाळ स्वच्छ. तिला वाचता येत नव्हतं. ते पाच नेम तिने पाच बोटांवर पाठ केले आणि पुढे कधी मोडले नाहीत.

कुणाच्याही घरात शिरली की ती आधी पुरुषांना बाहेर काढायची. एकीला पाणी तापवायला लावायची, दुसरीला बाजेवरचं अंथरूण बदलायला सांगायची. तिसरी रडत असली तर तिला गोठ्यात म्हशीकडे धाडून द्यायची. मग कळा देणाऱ्या बाईच्या उशाशी बसायची, तिचा हात आपल्या हातात घ्यायची आणि म्हणायची, "मी हाय ना माय." घरातला गोंधळ तिथे थांबायचा.

मोबदला ठरलेला नव्हता. कुणी सुपात ज्वारी घालायचं, कुणी तुरीची डाळ, कुणी खण-नारळ. मुलगी झाली म्हणून कुणी हात आखडता घेतला तर ती काही बोलायची नाही, पण पाचवीला त्या घरी जेवायला थांबायची नाही. गावाला ते बरोबर कळायचं. कुणाच्या घरी नवरा-बायकोचं बिनसलं, कुणी सुनेला माहेरी धाडलं, तर बायका आधी तिच्या ओट्यावर येऊन बसायच्या. पंचायतीत तिला खुर्ची नव्हती, तरी तिचा शब्द गावात चालत होता.

सगळीच बाळंतपणं सुखरूप झाली नव्हती. एका पावसाळ्यात एका घरी मूल झालं, वार पडली, पण रक्त थांबेना. बैलगाडी जुंपली. कारंज्याची वाट चिखलाने भरलेली होती, चाकं रुतत होती, माणसं खांद्याने गाडी रेटत होती. ती बाई दवाखान्यापर्यंत पोचली नाही. वाटेत तिचं डोकं सुईणआजीच्या मांडीवर होतं आणि तिने आजीची बोटं घट्ट धरून ठेवली होती. घरच्यांनी सुईणआजीला दोष दिला नाही, देवाची मर्जी म्हणाले. पुढे कुणी बोलावलं की ती पूर्वीसारखीच पिशवी घेऊन निघायची. त्या रात्रीविषयी मात्र ती कधी कुणाशी बोलली नाही.

अशी पुष्कळ वर्षं गेली आणि मग काळ बदलला.

२००५ साली सरकारने ग्रामीण आरोग्याचं मोठं अभियान सुरू केलं. बाळंतपण घरी नको, दवाखान्यात व्हावं, असं गावोगावी सांगितलं जाऊ लागलं. जननी सुरक्षा योजनेत गरीब घरच्या बाईला दवाखान्यात बाळंत झाल्यावर ७०० रुपये मिळू लागले. त्यासाठी गावोगावी आशा स्वयंसेविका नेमायच्या होत्या. गावचीच बाई हवी होती आणि तिला लिहिता-वाचता यायला हवं होतं. सुईणआजीची सून आठवी शिकलेली होती. ग्रामसभेत तिचं नाव निघालं. सुईणआजी तिला म्हणाली, "हो म्हण. चार पैसे येतीन घरात." त्या होकाराने आपल्या घरात काय बदलणार आहे, हे तिला तेव्हा उमगलं नव्हतं.

२०११ पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण फुकट झालं. ऑपरेशन, औषधं, बाळंतिणीचं जेवण, न्यायची-आणायची गाडी, कशालाच पैसे लागेनात. हळूहळू एकेक घर दवाखान्याच्या वाटेला लागलं.

रात्री कडी अजूनही वाजायची. सुईणआजी अजूनही पहिल्या आवाजाला उठून बसायची. पण बाहेरून हाक यायची ती "आशाताई" अशी. सून चटकन चपला पायात सरकवायची, रजिस्टर बगलेत धरायची आणि निघून जायची. सुईणआजी अंधारात बसून राहायची. पिशवी खुंटीवर लटकत राहायची. दिवाळीच्या साफसफाईत एकदा नातवाने ती खाली काढली, तर ती त्याच्यावर कधी नव्हे एवढी खेकसली.

सुनेला तिने कधी टाकून बोललं नाही. पण हापशीवर बायका विचारायच्या, "आजी, दवाखान्यात जाऊ का?" तेव्हा ती म्हणायची, "मी काय सांगू माय? अर्धं गाव माह्या हातावर जन्मलं. कोणाचं पोट फाडा नाई लागलं." एवढंच ती बोलायची आणि घागर उचलून चालू लागायची.

तेवढं पुरेसं होतं. कुणी महिने लपवू लागली. कुणी गरोदरपणाचं कार्ड काढायला आज-उद्या करू लागली. सून उन्हातान्हात घरोघरी फिरायची आणि संध्याकाळी थकून यायची. एका रात्री दिव्याखाली रजिस्टर भरता भरता ती थांबली आणि म्हणाली, "आत्याबाई, मी दहा वेळा जाऊन सांगते, अन् ते तुमच्या एका शब्दानं फिरते." सुईणआजी भाकरीचं पीठ मळत होती. तिने उत्तर दिलं नाही.

त्यानंतर पोळ्याच्या आदल्या रात्री कडी वाजली. बाहेर शेजारच्या गल्लीतला एक म्हातारा उभा होता. त्याच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या, पहिलीच खेप होती. तो हळू आवाजात म्हणाला, "आशाताईले उठवू नोको. माहयी बुढी म्हणते, आपली सुईणच बरी."

सुईणआजीने खुंटीवरची पिशवी काढली. पाऊस रिपरिपत होता, पण तिची पावलं भरभर पडत होती. घरात शिरताच तिने पुरुषांना बाहेर काढलं, पाणी ठेवायला लावलं, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. सगळं जिथल्या तिथे आठवत होतं. मग तिने त्या पोरीच्या पोटावर हात ठेवला.

खाली, जिथे डोकं लागायला हवं होतं, तिथे काहीतरी मऊ लागलं. तिने तळवा सावकाश वर सरकवला. बरगड्यांच्या खाली, डाव्या अंगाला, तिच्या हाताला गोल, टणक डोकं लागलं. तिने हात तसाच ठेवला. कळ आली, ओसरली. तिने पुन्हा चाचपून पाहिलं.

"पोर पायाळू हाय," ती म्हणाली.

पोरीची सासू पुढे आली. "तुम्ही पहिले पायाळू काढले ना, आजी?"

"काढले."

"मंग?"

सुईणआजीने तिच्याकडे पाहिलं. "समदे नाई जगले," ती म्हणाली.

चुलीवरचं पाणी उकळत होतं. घरातल्या सगळ्या बाया तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. ती म्हणाली असती, धरा खांदे, तर त्यांनी धरले असते. गावाने तिच्या हातावर टाकलेला सगळा विश्वास त्या खोलीत तिच्यासमोर उभा होता. चिखलात रुतलेली ती गाडीही तिला दिसत होती.

तिने दारात जाऊन म्हाताऱ्याला सांगितलं, "जा, माह्या सुनेले उठव. म्हणा, आत्यानं बलावलं. गाडी घेऊनच ये म्हणा."

सून धावत आली. तिने १०२ नंबरला फोन लावला, कार्ड शोधलं, कपड्यांची पिशवी भरून घेतली. गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. पण पोरगी बाजेवरून उठेना. "मी नाई जात," ती रडत म्हणाली. "मले चिरतीन थे." सुनेने समजावलं, नवऱ्याने विनवलं. तिने सुईणआजीचा हात धरला होता, तो काही सोडेना. मग तिनेच विचारलं, "आजी, तू येशीन का संग?"

सुईणआजी कधी कुणाबरोबर दवाखान्यात गेली नव्हती. तिने पिशवी त्या घरच्या बाजेवर ठेवली आणि गाडीत चढली.

गाडी अमरावतीच्या वाटेला लागली. सून पुढच्या अंगाला बसून फोनवर बोलत होती, किती महिने, रक्त किती, कळा केव्हापासून, सगळं कार्डावर पाहून सांगत होती. मागे पोरीचं डोकं सुईणआजीच्या मांडीवर होतं. आजी तिच्या कपाळावरचा घाम पदराने टिपत होती. "तोंडानं श्वास सोड माय. आता कळ येईन, आता जाईन. मी हाय ना." सुनेने एकदा मागे वळून पाहिलं. इतकी वर्षं ती घरोघरी जाऊन सांगत होती, ते या तीन शब्दांवाचून अपुरं राहत होतं, हे तिला त्या गाडीत दिसलं.

बायकांच्या सरकारी दवाखान्याला अमरावतीत लोक अजून डफरीनच म्हणतात. गाडी तिथे पोचली. पोरीला आत नेलं. दारापाशी परिचारिका म्हणाली, "आजी, तुम्ही बाहेर थांबा." दार लागलं.

सुईणआजी जन्मभर दाराच्या आत राहिली होती. बाहेर कोण कसं थांबतं, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. ती भिंतीला टेकून फरशीवर बसली. आतला आवाज ऐकू येत होता आणि काही करता येत नव्हतं. तिच्या शेजारी पोरीची सासू थरथरत होती. पलीकडे धारणीकडून आलेली एक बाई हातातली चिठ्ठी उलटसुलट करत होती, ती कुठे द्यायची ते तिला कळत नव्हतं. एका कोपऱ्यात एक तरुण नवरा डोकं गुडघ्यांत घालून बसला होता.

थोडा वेळ गेला. मग सुईणआजी उठली. चिठ्ठीवाल्या बाईला सुनेकडे घेऊन गेली आणि म्हणाली, "हिले वाचून दे." पोरीच्या सासूला पाणी पाजलं. तरुण नवऱ्याला चहा आणायला धाडलं. पहाटेपर्यंत त्या ओसरीवरच्या तीन-चार गावांच्या बाया तिच्याभोवती बसल्या होत्या.

ऑपरेशन झालं. मुलगी झाली. आई आणि मूल दोघंही सुखरूप होती. डॉक्टरीण बाहेर आली तेव्हा म्हणाली, "वेळेवर आणलंत." सुईणआजीने सुनेकडे बोट दाखवलं. सुनेने सुईणआजीकडे.

गावी परत आल्यावर तिसऱ्या दिवशी सुईणआजी सुनेला म्हणाली, "तू बाळंतिणीच्या घरी कोणत्या कोणत्या दिवशी जातं, थे मले सांग."

नवजात बाळाला घरी जाऊन पाहायची रीत तेव्हा आशांना नुकतीच शिकवली गेली होती. ती गडचिरोलीच्या खेड्यांतून आली होती. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना बाळ तपासायला शिकवलं आणि अर्भकं वाचवता येतात हे दाखवून दिलं होतं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी दिवस ठरलेले होते: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा.

सुईणआजीला आकडे लिहिता येत नव्हते. तिने पिशवीतला दोरा काढला, ज्याने ती नाळ बांधायची तोच, आणि त्याला सहा गाठी मारल्या. प्रत्येक बाळाचा एक दोरा. भेट झाली की एक गाठ सोडायची. असे दोरे त्या रिकाम्या खुंटीवर लटकू लागले. सुनेच्या रजिस्टरात एखादी भेट राहून गेली तर आजी दोरा दाखवून म्हणायची, "या पोराची एक गाठ बाकी हाय."

आता दोघी बरोबर जाऊ लागल्या. सून थर्मामीटर लावायची, झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन करायची, घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजायची. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर धोका. एका बाळाचे श्वास मोजताना सून पुटपुटत होती आणि सुईणआजी बाळाची छाती पाहत होती. फासळीखाली प्रत्येक श्वासाला खळगा पडत होता. सून म्हणाली, "अडुसष्ट." आजी तोवर बाळाच्या आईला दुपट्यात बाळ गुंडाळायला सांगून मोकळी झाली होती. ते बाळ वेळेत दवाखान्यात पोचलं आणि बरं झालं.

काही गोष्टी तिला सोडाव्या लागल्या. पहिला चीक बाळाला बाधतो म्हणून ती पिढ्यानपिढ्या पिळून टाकायला सांगत आली होती. सुनेने सांगितलं, "आत्याबाई, तोच बाळाचं पहिलं औषध असते." सुईणआजीने दोन दिवस विचार केला. मग ती स्वतः घरोघरी गेली. म्हाताऱ्या बायका चिडल्या. "अवं, तूच त टाकाले सांगत होती ना!"

"तवा मले जे ठाव होतं, थे सांगतलं," ती म्हणाली. "आता हे ठाव झालं. चीक टाकू नोका."

सुनेने सांगितलेलं त्यांनी कदाचित ऐकलं नसतं. पण जिने टाकायला लावला होता तीच पाजायला सांगत होती, म्हणून त्यांनी ऐकलं.

गल्लीतून जाताना आता सून पुढे असायची आणि सुईणआजी एक पाऊल मागे. ओट्यावरच्या एका माणसाने एकदा तिला छेडलं, "काहून वं आजी, आता सुनेच्या मांगं मांगं?"

सुईणआजी थांबली. "पुढं कोण चालते त्याच्यानं काय होते?" ती म्हणाली. "बाई जित्ती घरी आली पाह्यजे." आणि ती चालू लागली.

ही गोष्ट एका सुईणीची आहे, पण अशी वेळ पुष्कळांवर येते. जिनिंग बंद पडतं आणि मुकादमाचं काम जातं. शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांच्या हातात खडू उरत नाही. यंत्र येतं, योजना येते, नवी शिकलेली पिढी येते, आणि ज्याच्या शब्दावर कालपर्यंत माणसं उठत-बसत होती त्याला वाटतं, आपलं सगळं गेलं. खरं पाहता हातातलं काम गेलेलं असतं. लोक ज्याच्यासाठी आपल्याकडे येत होते ते गेलं आहे का, हे मात्र काम सुटल्याशिवाय कळत नाही. सुईणआजीला आयुष्यभर वाटलं की आपला मान आपल्या हातातल्या कसबाचा आहे. कसब संपलं तेव्हा तिला उमगलं की बायका तिच्याकडे येत होत्या त्या भीतीच्या वेळी कुणीतरी सोबत असावं म्हणून. ते काम दाराच्या आतही करता येत होतं, बाहेरही. सासू होऊनही करता येत होतं आणि सुनेच्या मागे चालूनही.

जामखेडला १९७० साली प्रकल्प सुरू करणाऱ्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावाच्या आरोग्याचं काम निरक्षर बायकांच्या हाती सोपवलं, तेव्हा पुष्कळांना नवल वाटलं होतं. ज्या बायकांना गावात कुणी विचारत नव्हतं, त्यांनी पुढे गावं निरोगी केली. अधिकार आधी मिळावा आणि मग कामाला लागावं, असं त्यांच्या बाबतीत घडलं नाही. त्या माणसांपाशी जाऊन बसल्या, आणि गाव त्यांच्या मागे आलं.

म्हणून काम बदलण्याची वेळ आली की आपली जागा कोण घेतंय याचा हिशेब फार करू नये. आपण इतकी वर्षं कुणासाठी उठत होतो, ते आधी आठवावं. ते माणूस अजून तिथेच असतं, त्याची गरजही तीच असते. त्याच्यापर्यंत जायची वाट तेवढी नवी असते, आणि ती दाखवणारा आपल्याहून लहान असला तरी त्याच्याबरोबर चालावं. नेतृत्व म्हणतात ते याहून फार वेगळं नसतं.